मर्फी आडनावाची माणसं: कोणता मर्फी कुठला?

नोंदवही

जुना रेडिओ मर्फीचा. "जे बिघडू शकतं ते बिघडणारच" हा नियम मर्फीचा. डॉक्टर उजव्या बरगडीखाली बोटं रोवून "श्वास घ्या" म्हणतात ती खूण मर्फीची, आणि भिंतीतल्या कपाटात उभा दुमडणारा पलंगही मर्फीचाच. बोलताना हे सगळं सर्रास एकाच माणसाच्या खात्यावर जमा होतं. प्रत्यक्षात ही चार वेगळी माणसं आहेत, त्यांचा एकमेकांशी कसलाही संबंध नाही.

मर्फी हे आयर्लंडमधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव. १८९० सालच्या जन्मनोंदींवरून रॉबर्ट मॅथेसन यांनी अंदाज बांधला होता: मर्फी सुमारे ६२,६००, केली ५५,९००, सलिव्हन ४३,६००. इतक्या गर्दीत नुसतं "मर्फीने शोध लावला" म्हणणं म्हणजे "पाटलांनी विहीर बांधली" म्हणण्यासारखं.

या धाग्यावर प्रत्येक नावाशी तीन गोष्टी द्या: गाव, साल, आणि नेमकं काम. माहीत असेल तर वस्तू चालते कशी आणि बिघडते कुठे तेही लिहा.

वंशवेल

आधी नावाचं मूळ. मुरखद हे जुनं व्यक्तिनाम, अर्थ समुद्रावरचा योद्धा. त्याच्या वंशजांनी "ओ" (नातू, वंशज) किंवा "मॅक" (मुलगा) लावून आडनाव केलं. आपल्याकडे पेठकर, सातारकर अशी नावं गावावरून येतात. आयरिश नावं बहुतेक पूर्वजाच्या नावावरून येतात. मुरखद हे नाव लोकप्रिय असल्यामुळे एकमेकांशी नातं नसलेल्या घराण्यांनी आपापल्या भागात तेच आडनाव घेतलं. वेक्सफर्डकडचे मर्फी वेगळे, कॉर्कमधल्या मस्करीचे वेगळे, उत्तरेत अर्मा-टिरोनकडचे वेगळे. उत्तरेतले तर "ओ" नव्हे, "मॅक"वाले. म्हणजे आडनाव एक, पण कूळ एक नाही.

लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो (मृत्यू ११७१) याच्या आडनावातही हाच मुरखद आहे. गेलेलं राज्य परत मिळवायला नॉर्मन सरदारांना आयर्लंडात आणणारा तो हाच.

उच्चार: आयरिशमध्ये आजचं रूप "ओ मुराखू". यातला ख घशातून घासून येतो, उर्दूतल्या "ख़बर"सारखा. मुलगी असेल तर "नी वुराखू", सून असेल तर "बान ई वुराखू". एकाच घरातली तीन माणसं तीन रूपांत दिसतात. मराठीत नोंद करताना ही तीन वेगळी आडनावं समजू नयेत.

ठाणेकर_वाल्व्ह

रेडिओचा मर्फी म्हणजे फ्रँक मर्फी, इंग्रज अभियंता. १९२९ मध्ये ई. जे. पॉवर यांच्याबरोबर लंडनजवळच्या वेल्विन गार्डन सिटीत कंपनी काढली. पाइप ओढणाऱ्या फ्रँक मर्फीचा फोटो जाहिरातीत असायचा आणि खाली त्याच्या सहीनिशी सरळ भाषेत मजकूर. लाकडी पेट्यांची रचना आर. डी. रसेल यांची. त्या काळातल्या नक्षीदार पेट्यांपुढे या पेट्या साध्या आणि देखण्या होत्या. १९३७ मध्ये फ्रँक मर्फी स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडला. पुढे कॅनडाला गेला आणि १९५५ मध्ये वारला. नाव मात्र कंपनीकडे राहिलं. १९६२ मध्ये रँक या ब्रिटिश कंपनीने ती घेतली आणि बुश या दुसऱ्या रेडिओ कंपनीशी जोडली.

आपल्याकडचे बरेच मर्फी सेट ठाण्यात बनलेले. ओठांवर बोट ठेवलेलं बाळ ही भारतातल्या जाहिरातीची ओळख. मागच्या पुठ्ठ्यावरचं आणि चासीवरचं (आतल्या लोखंडी सांगाड्यावरचं) लेबल वाचलं की सेट इंग्लंडचा की इथला ते कळतं.

वर्षानुवर्षं बंद असलेला वाल्व्ह सेट (ट्रान्झिस्टरआधीचा, काचेच्या नळ्यांवर चालणारा) कुणाकडे असेल तर तो थेट प्लगमध्ये लावू नका. क्रम असा:

१. आधी पहा, सेटमध्ये पॉवर ट्रान्सफॉर्मर आहे का. नसेल (एसी-डीसी सेट) तर चासी थेट मेन्सशी जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर लोखंडी चासीवर करंट. नॉब निखळून उघडा पडलेला दांडासुद्धा धोक्याचा. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (मेन्सशी थेट जोड तोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) उघडा चालवायचा नाही.

२. सिरीज बोर्डावर ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब लावून सेट त्यातून जोडा. एलईडी बल्ब चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

३. फिल्टर कंडेन्सर (इलेक्ट्रोलिटिक) सुकलेले असतात. "घूंऽऽ" असा आवाज त्यामुळे येतो.

४. सगळ्यात महत्त्वाचा भाग: आउटपुट वाल्व्हच्या ग्रिडला (आतला करंट आवरणाऱ्या जाळीला) जाणारा कपलिंग कंडेन्सर. मेणकागदी असेल तर तो गळतो, ग्रिडवर धन दाब चढतो, वाल्व्ह प्रमाणाबाहेर करंट ओढतो आणि त्याची प्लेट लाल होते. पाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तो आता सहज मिळत नाही. सेट सुरू करण्याआधीच हा एक कंडेन्सर बदलावा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा.

प्रश्नचिन्ह

मग नियमवाला मर्फी याच कंपनीतला नव्हता तर? तो खरंच होता का, की नुसती म्हण?

यंत्रज्ञ

खरा होता. एडवर्ड ए. मर्फी ज्युनियर, जन्म १९१८ पनामा कालव्याच्या अमेरिकन पट्ट्यात, वेस्ट पॉइंटचा पदवीधर, मृत्यू १९९०. घटना १९४९ ची, कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक तळावरची. हाच पुढे एडवर्ड्स हवाई तळ झाला. एमएक्स-९८१ या प्रकल्पात रुळांवरून रॉकेटने ढकललेली गाडी क्षणात थांबवायचे आणि त्यातला माणूस किती झटका सोसतो ते मोजायचे. गाडीत बसायला हवाई दलाचे डॉक्टर जॉन पॉल स्टॅप स्वतः पुढे झाले होते.

झटका मोजण्यासाठी कॅप्टन मर्फी ओहायोतल्या राइट फील्डहून स्ट्रेन गेजचे सेन्सर घेऊन आले. चाचणी झाली आणि वाचन आलं शून्य. जोडणी उलटी झाली होती.

उलट्या जोडणीने शून्य कसं येतं? स्ट्रेन गेज म्हणजे बारीक तारेची जाळी. ताणली की तिचा रोध वाढतो, दाबली की घटतो. वाकणाऱ्या पट्टीच्या दोन्ही अंगांना एकेक गेज चिकटवलं की एक ताणलं जातं, दुसरं दाबलं जातं. व्हीटस्टन ब्रिजच्या (चार रोधांच्या चौकोनी जोडणीच्या) शेजारशेजारच्या भुजांत ही दोन गेज घातली तर दोन्ही बदल मिळून सिग्नल दुप्पट होतो. समोरासमोरच्या भुजांत घातली तर वाढ आणि घट एकमेकांना खोडतात. तारा दोन्ही वेळा नीट बसतात, सोल्डरही पक्का दिसतो. नुसतं पाहून चूक सापडत नाही, आणि माणूस जीव धोक्यात घालून बसल्यावर कागदावर सरळ रेघ येते.

तंत्रज्ञावर चिडून मर्फी जे बोलले त्याला प्रकल्प व्यवस्थापक जॉर्ज निकोल्स यांनी "मर्फीचा नियम" म्हटलं. पुढे पत्रकारांनी विचारलं की इतक्या धोक्याच्या कामात गंभीर अपघात कसे होत नाहीत, तेव्हा स्टॅप यांनी याच नियमाकडे बोट दाखवलं.

म्हणून हा नियम नशिबाला दोष देणारा नाही. एखादं काम दोन प्रकारे करता येत असेल आणि त्यातला एक प्रकार घातक असेल, तर कुणीतरी तो करणारच, तेव्हा तो प्रकार उरणारच नाही अशी रचना करा, हा त्याचा अर्थ. आपल्या तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन जाड आणि लांब असते. जाड, म्हणून दुसऱ्या भोकात जात नाही. लांब, म्हणून अर्थिंग सगळ्यात आधी जुळतं आणि सगळ्यात शेवटी सुटतं. सिमकार्डाचा कापलेला कोपरा हाही त्यातलाच.

शल्यपथ

यंत्रज्ञ, उत्तम समजावलंत. भुलीच्या यंत्रावर हाच विचार पिनांच्या रूपात दिसतो. ऑक्सिजन सिलिंडरच्या व्हॉल्व्हला २ आणि ५ क्रमांकाच्या जागी भोकं, नायट्रस ऑक्साइडला ३ आणि ५. यंत्राच्या जोखडावर (सिलिंडर अडकवायच्या चौकटीवर) त्याच जागी पिना असतात. त्यामुळे एकाच्या जागी दुसरं सिलिंडर बसतच नाही. जोखडाची पिन तुटलेली असली किंवा दोन वॉशर एकावर एक घातले तर मात्र ही सोय निकामी होते, म्हणून तपासणीत वॉशर एकच आहे हे पाहायचं असतं.

वैद्यकात निदान चार मर्फी आहेत आणि त्यांची सरमिसळ फार होते.

जॉन बेंजामिन मर्फी (१८५७–१९१६). जन्म विस्कॉन्सिनमधल्या ॲपल्टनजवळ, आई-वडील आयरिश स्थलांतरित, कर्मभूमी शिकागो. पित्ताशयाच्या सुजेची खूण त्यांची. करायची अशी: रुग्णाला उताणं झोपवून उजव्या बरगड्यांच्या कडेखाली, गळ्याच्या हाडाच्या मध्यापासून खाली येणाऱ्या रेषेवर बोटं हळू आत दाबायची, मग खोल श्वास घ्यायला सांगायचं. श्वासपटल खाली येतं तसं यकृत आणि पित्ताशयही खाली सरकतं. सुजलेलं पित्ताशय बोटांना टेकलं की रुग्णाचा श्वास मध्येच अडकतो. नुसतं दुखणं म्हणजे खूण नव्हे, श्वास तुटायला हवा. आणि डावीकडे तसंच करून पाहिल्यावर तिथे तो तुटता कामा नये. ही दुसरी पायरी घाईत गाळली जाते आणि पोट सगळीकडेच दुखणाऱ्या रुग्णात खूण खोटी भरते. उलट वृद्धांमध्ये आणि तीव्र वेदनाशामक दिलेल्यांमध्ये सूज असूनही ती मिळत नाही. सोनोग्राफीत प्रोब थेट पित्ताशयावर दाबून हीच खूण पाहतात.

१८९२ सालचं "मर्फी बटण" त्यांचंच. धातूचे दोन पोकळ अर्धे भाग, एक आतड्याच्या एका टोकात, दुसरा दुसऱ्यात, दोन्ही एकमेकांत दाबून बसवायचे. मधली कड दाबाने मरते, बाहेरून आतडं सांधतं आणि बटण सुटून शौचावाटे पडतं. १९१२ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना मिलवॉकीत गोळी लागली तेव्हा शिकागोत त्यांच्यावर उपचार करणारे हेच मर्फी.

फ्रान्सिस जे. मर्फी, भूलतज्ज्ञ. श्वासनलिकेत घालायच्या नळीच्या टोकाजवळ, तिरक्या तोंडाच्या विरुद्ध बाजूला जे छोटं भोक असतं ते "मर्फी आय". १९४१ चा लेख. मुख्य तोंड श्वासनलिकेच्या भिंतीला टेकलं किंवा कफाने बुजलं तरी या भोकातून हवा जात राहते. हे भोक नसलेल्या नळीला मॅगिल नळी म्हणतात. परीक्षेत हे भोक शिकागोच्या सर्जनच्या नावावर लिहू नका.

उरलेले दोन बाप-लेक आहेत, पुढच्या प्रतिसादात लिहितो.

शल्यपथ

विल्यम पॅरी मर्फी (१८९२–१९८७), विस्कॉन्सिनमधल्याच स्टॉटनचे. १९३४ चं नोबेल, व्हिपल आणि मायनट यांच्याबरोबर. पर्निशस ॲनिमिया (रक्तक्षयाचा एक प्रकार) तेव्हा जीवघेणा होता. मायनट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये ४५ रुग्णांचा अहवाल दिला: रोज साधारण १२० ते २४० ग्रॅम, जेमतेम शिजवलेलं यकृत. एक दिवस नव्हे, रोज. खाणं जड जायचं, म्हणून पुढे अर्क आणि मग इंजेक्शनं आली.

विल्यम पी. मर्फी ज्युनियर (१९२३–२०२३), त्यांचा मुलगा. काचेच्या बाटलीऐवजी रक्तासाठी प्लास्टिकची पिशवी आणण्यात कार्ल वॉल्टर यांच्याबरोबर त्यांचा मोठा वाटा आहे. पिशवी पडून फुटत नाही, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा जोडलेल्या दुसऱ्या पिशवीत बंदिस्तच ढकलता येतो. नोबेल बापाचं, पिशवी मुलाची.

प्रश्नचिन्ह

यकृताने फायदा झाला तो लोहामुळे ना?

शल्यपथ

नाही. हा गोंधळ मुळातच आहे. व्हिपल यांचे प्रयोग कुत्र्यांवर होते. त्यांचं रक्त काढून ॲनिमिया केलेला, तिथे यकृतातलं लोह कामी आलं. माणसांच्या पर्निशस ॲनिमियात कमतरता बी-१२ ची. पोटातून येणारा, बी-१२ शोषायला लागणारा घटकच नसतो. यकृतात बी-१२ इतकं भरपूर की त्या घटकाशिवायही थोडंसं आत शिरतं, म्हणून एवढं खावं लागायचं. बी-१२ वेगळं काढलं गेलं ते १९४८ मध्ये. आधीचा तर्क अपुरा होता, तरी उपचार बरोबर निघाला.

वंशवेल

वेक्सफर्डच्या मर्फींमध्ये इंग्रजांविरुद्धच्या १७९८ च्या उठावातले दोन पाद्री आहेत, त्यांनाही एक समजतात. फादर जॉन मर्फी, बूलाव्होग गावचे. २६ मे रोजी लढ्यात उतरले, दुसऱ्या दिवशी औलर्ट टेकडीवर विजय, २१ जूनला व्हिनेगर हिलवर पराभव, २ जुलैला टुलो इथे देहदंड. फादर मायकल मर्फी बॅलिकॅन्यूचे. ते ९ जूनला आर्कलोच्या लढाईत पडले. मृत्यूची जागा आणि तारीख लिहिली की घोळ होत नाही.

कॉर्ककडचे विल्यम मार्टिन मर्फी (१८४५–१९१९) डब्लिनच्या ट्रामचे आणि वर्तमानपत्राचे मालक. १९१३ च्या टाळेबंदीत कामगारांच्या विरोधात उभे राहिलेले. एकाच आडनावात फासावर गेलेला पाद्री आणि गिरणीमालकी थाटाचा भांडवलदार, दोन्ही.

सायकलवाट

यादीत प्रवासलेखिका डर्व्हला मर्फी राहून गेल्या (१९३१–२०२२). वॉटरफर्डमधल्या लिस्मोरच्या. दहाव्या वाढदिवसाला सायकल आणि नकाशांचं पुस्तक मिळालं, आणि १९६३ च्या जानेवारीत त्या सायकलने भारताकडे निघाल्या: युरोप, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान, दिल्ली. सायकलचं नाव रॉझ.

निघण्याआधी त्यांनी सायकलचे तीन गिअर काढून टाकले. उलटं वाटतं, पण डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा) हा बाहेर लोंबणारा नाजूक भाग. दगडावर आपटून वाकला तर त्या रस्त्यांवर सुटा भाग मिळणार नाही. एकच गिअर असला की वाटेतला कोणताही सायकलवाला दुरुस्ती करू शकतो. तसं करताना साखळी तोडून आखूड करावी लागते आणि मागचं चाक खाचेत मागे ओढून ताण द्यावा लागतो, साधारण १ सेंटिमीटर खालीवर हलेल इतकाच. साखळी पुढच्या-मागच्या दात्यांत एका सरळ रेषेत नसेल तर ती उतरत राहते. चढ आला की उतरून ढकलायचं, हा हिशेब त्यांनी आधीच मान्य केला होता. जादा टायर टपालाने पुढच्या मुक्कामांवर पाठवले होते.

पुढे पाच वर्षांच्या मुलीला घेऊन मुंबईत उतरल्या आणि तिथून दक्षिणेकडे गेल्या. कूर्गवरचं पुस्तक १९७६ चं. हा आपल्या भागाशी खरा धागा.

नोंदवही

सुरेख भर. पलंग मी लिहितो: विल्यम लॉरेन्स मर्फी, सॅन फ्रान्सिस्को, विसाव्या शतकाची सुरुवात. डोक्याकडची बाजू बिजागरीवर, वजन तोलायला स्प्रिंग. घरी बसवणाऱ्यांची चूक ठरलेली असते: आधी स्प्रिंग ताणतात, गादी नंतर. गादीशिवाय चौकट हलकी असते, स्प्रिंग ती फाडकन वर उचलते. आधी चौकट भिंतीतल्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये बोल्टने घट्ट करा, नुसत्या प्लायवर नको. मग गादी, मग ताण. गादी बदलून जड घेतली तर ताण पुन्हा जुळवा. १९८९ मध्ये अमेरिकन अपील न्यायालयाने "मर्फी बेड" हे शब्द आता सर्वसामान्य नाम झाल्याचं ठरवलं.

वंशवेल

एक गोष्ट यादीत स्पष्ट हवी: मर्फी म्हणजे आयरिश रक्त असं गृहीत धरू नये. केंटकी डर्बी ही अमेरिकेतली घोड्यांची शर्यत तीनदा (१८८४, १८९०, १८९१) जिंकणारे जॉकी आयझॅक मर्फी कृष्णवर्णीय होते, जन्मनाव आयझॅक बर्न्स. मर्फी हे आईकडच्या आजोबांचं नाव त्यांनी घेतलं. नट एडी मर्फीही आफ्रिकन-अमेरिकन. उलट बुद्धिबळाचे पॉल मॉर्फी (१८३७–१८८४, न्यू ऑर्लिअन्स) यादीत दिसत नाहीत, पण ते मूळचे मर्फीच. पूर्वज आयर्लंडमधून स्पेनला गेले आणि तिथे स्पेलिंग बदललं.

आणि नटाचं नाव किलियन मर्फी (जन्म १९७६, कॉर्क), "सिलियन" नव्हे. आयरिशमध्ये सी अक्षर नेहमी क. गायिका रोशीन, "रॉइसिन" नव्हे, कारण ई-आयच्या शेजारचा एस श होतो.

प्रश्नचिन्ह

एखाद्या मर्फीचं आयरिश मूळ शोधायचं तर सुरुवात कुठून?

वंशवेल

आडनावापासून नाही, टाउनलँडपासून. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीएवढा जमिनीचा तुकडा, देशभरात सुमारे ६० हजार. ते नाव नसेल तर कॉर्कमधले शेकडो जॉन मर्फी वेगळे काढता येत नाहीत. ते बहुधा परदेशातल्या कागदात मिळतं: चर्चमधली लग्ननोंद, थडग्यावरचा दगड, मृत्युलेख. त्यानंतर १९०१ आणि १९११ ची जनगणना, दोन्ही इंटरनेटवर मोफत. १८६४ पासूनच्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदी, आणि त्याआधीसाठी पॅरिशची (चर्चच्या हद्दीची) पुस्तकं व १८४७–६४ ची ग्रिफिथची जमीन-आकारणी. १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं अभिलेखागार जळलं, त्यामुळे १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ नाहीत.

वय जुळलं नाही म्हणून माणूस सोडू नका. १९०९ मध्ये सत्तरीपुढच्यांना पेन्शन सुरू झाली, आणि १९०१ मध्ये ५८ असलेले बरेच जण १९११ मध्ये थेट ७१ झाले. घरातल्या मुलांची नावं आणि त्यांचा क्रम जुळतो का ते पहा. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव द्यायची चाल होती, म्हणून नावांवरून एक पिढी मागे जाता येतं.

ठाणेकर_वाल्व्ह

एक भर राहिली: अमेरिकेत फ्रँक मर्फी नावाचे न्यायमूर्तीही होते (१८९०–१९४९, मिशिगन). १९४४ मध्ये जपानी-अमेरिकनांच्या सक्तीच्या स्थलांतराविरुद्ध त्यांनी कोरेमात्सु खटल्यात असहमतीचं निकालपत्र दिलं. रेडिओवाल्या फ्रँकशी संबंध नाही. यादीत दोघांपुढे "अभियंता, वेल्विन" आणि "न्यायमूर्ती, मिशिगन" असं लिहावं.

नोंदवही

लिहिलं. मॉर्फींची नोंदही "मर्फी"खाली घेतली, मूळ स्पेलिंगसकट.